क्लास चालवायचा तर फी महिन्याची घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की भांडुप, घाटकोपर, दादर, कुठल्याही स्टेशनच्या बाहेर पडा, हातात पत्रक येतंच. '१०० टक्के जॉब गॅरंटी', '३ महिन्यांत अकाउंटंट व्हा' आणि खाली बारीक अक्षरात फी एकरकमी किंवा 'सोप्या हप्त्यांत'. मी भांडुपला टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर), जीएसटी आणि अकाउंटिंगचा क्लास चालवतो, बरीच वर्षं झाली. हल्ली बरीच तरुण मुलंमुली येऊन विचारतात की सर आम्हालाही ट्रेनिंग सेंटर टाकायचंय, कसं करू, आणि त्यांनी यूट्यूबवर जे ऐकलेलं असतं ते ऐकून मला खरंच काळजी वाटते. पहिल्याच दिवशी पूर्ण फी घ्या म्हणे, जाहिरात जोरात करा, चौकशीला आलेल्यांना पटवायला काउन्सेलर ठेवा.

माझं मत अगदी उलट आहे. पूर्ण फी आधी घेतली की तिथूनच सेंटर बिघडायला लागतं. जूनमध्ये एकदम पैसा येतो, तो डिपॉझिट, एसी, फर्निचर आणि फ्लेक्समध्ये जातो, दिवाळीपर्यंत शिकवायची पोरं समोर बसलेली असतात पण पैसा संपलेला असतो, मग भाडं आणि पगार द्यायला नवीन ऍडमिशन लागतात, आणि मग सेंटरमधला सगळ्यात महत्त्वाचा माणूस शिकवणारा राहत नाही, फोनवर ऍडमिशन पटवणारा होतो. पोरगं मधेच यायचं बंद झालं तर अशा ठिकाणी कुणाला फरक पडत नाही, उलट एक मशीन (कॉम्प्युटर) मोकळं होतं. तेच फी महिन्याच्या महिन्याला असेल तर दोन दिवस गैरहजर राहिल्यावर आपणच घरी फोन करतो, काय झालं, कुठे अडलंय विचारतो. पुढच्या महिन्याची फी ह्या महिन्यात शिकवून कमवावी लागते.

आणि त्या 'सोप्या हप्त्यां'बद्दल पालकांनी नीट ऐका. बऱ्याच ठिकाणी तो हप्ता क्लासचा नसतोच, फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, मुलगा टॅबवर सही करतो, क्लासला पैसे लगेच मिळतात आणि मुलाने शिकणं सोडलं तरी हप्ता चालूच राहतो, नाही भरला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा रेकॉर्ड, खराब. एकोणीस वर्षांच्या पोराच्या पहिल्या नोकरीच्या आधी त्याच्या नावावर थकबाकी लागते हे मला बिलकुल पटत नाही.

आता कुणी म्हणेल की महिन्याच्या फीवर धंदा चालतो का? चालतो, हिशोब बघा. समजा १० मशीन आहेत. सकाळी ७ ते रात्री ९, दोन दोन तासांच्या ७ बॅच, म्हणजे ७० जागा. त्यातल्या ६० भरल्या आणि महिना अडीच हजार फी धरली तर दीड लाख. जागेचं भाडं तुम्ही २४ तासांचं देता, म्हणून नवीन खोली घ्यायच्या आधी रिकामी दुपार भरा. ११ ते ३ ह्या वेळात कॉलेजची आणि नोकरीवाली मुलं येत नाहीत, पण मुलांना शाळेत सोडून मोकळ्या होणाऱ्या बायका येतात, आणि माझ्या अनुभवात ह्या बॅचसारखी मन लावून शिकणारी दुसरी बॅच नाही. जोडीला एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स किंवा सरकारी टायपिंग ठेवलं तर वर्षभर थोडी थोडी आवक राहते. २००१ पासून एमएस-सीआयटी चालू आहे, क्लार्कच्या भरतीला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द मिनिटाला लागतातच, त्यामुळे तिथे ग्राहक शोधत फिरावं लागत नाही.

पण सेंटर वाढतं ते शिकवण्यावरच. टॅलीत व्हाउचर एंट्री (एकेक व्यवहार नोंदवणं) कुणीही शिकवतो, यूट्यूबवर फुकट आहे. मुलाला ऑफिसच्या हिशोबाचा अख्खा महिना चालवायला शिकवा. ७ तारखेला टीडीएस (कापून घेतलेला आयकर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न), १५ ला कामगारांचा पीएफ आणि ईएसआय (आरोग्य विमा), २० ला ३बी (जीएसटी भरायचं रिटर्न), ह्या तारखा त्याच्या अंगात मुरल्या पाहिजेत. पगारपत्रक करताना आपल्या महाराष्ट्राचा व्यवसाय कर आला पाहिजे, १० हजारांच्या वर पगार असेल तर २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, पण बाईचा पगार २५ हजारांपर्यंत असेल तर काही नाही. खरी बिलं द्या, चुरगाळलेली, तारीख न दिसणारी, जीएसटी नंबर चुकलेली, आणि ती त्याच्याकडून सोडवून घ्या. असा पोरगा गाळ्यावर किंवा सीएच्या ऑफिसात लागला की तो मालकच पुढच्या वेळी फोन करतो, अजून एक पाठवा. मुलुंड ते कुर्ला पट्ट्यात इतके छोटे कारखाने, ट्रान्सपोर्टवाले, मेडिकल डिस्ट्रिब्युटर आहेत की असे चाळीस-पन्नास मालक जोडले गेले तर पत्रकं वाटायची गरज उरत नाही.

दुसऱ्या शाखेची घाई करणाऱ्यांना एक सांगतो. वर लिहिलेल्या हिशोबात वर्षाचे १८ लाख होतात. २० लाखांच्या वर उलाढाल गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि फीवर १८ टक्के, म्हणजे अडीच हजाराचे २,९५०, आणि ते वरचे साडेचारशे मुलाला कुठेही परत मिळत नाहीत. पॅन एकच असेल तर दोन्ही शाखांची उलाढाल एकत्र धरतात. म्हणून दुसरी शाखा काढायची तर हा बोजा झेपेल इतकी भरती आधी दिसली पाहिजे, आणि मुख्य म्हणजे तुमच्याशिवाय पहिली शाखा सांभाळणारा शिक्षक तयार पाहिजे, ज्याला पगाराबरोबर नफ्यातही वाटा आहे. नाहीतर तो तुमची बॅच घेऊन समोरच्याच बिल्डिंगमध्ये स्वतःचा क्लास टाकतो, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

संपादक साहेब, तुमच्याकडे एकच मागणी. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात मुलाने मधेच सोडलं तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत द्यायची असं आहे. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगवाल्यांच्या खोट्या हमीच्या जाहिरातींवरही नियम आणले. हे बहुतेक पालकांना माहितीच नाही. निकालाच्या आठवड्यात तुमच्या पेपरात क्लासच्या पानपानभर जाहिराती येतात, त्याच पानावर हे दोन्ही नियम सोप्या मराठीत छापा, कोपऱ्यात का होईना, आणि खाली ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर ठळक टाका.

आपला,
एक क्लासचालक, भांडुप (प.)