कबड्डीची निवड एका दुपारी नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तालुक्याच्या कबड्डी निवडीत १४ वर्षांखालच्या गटात उंच, भरल्या अंगाची पोट्टी आधी उचलली जातात. वयोगट जन्मसालावर ठरतो, म्हणून जानेवारीत जन्मलेला आणि त्याच सालच्या डिसेंबरातला एकाच रांगेत उभे राहतात. या वयात अकरा महिन्यांनी खांदा, मांडी, दम सगळंच बदलतं. निवडीच्या वहीत नावापुढे आधी जन्मतारीख लिहावी, मग खेळ पाहावा.

एका चढाईवरून काही कळत नाही. दोन दिवसांत मिळून प्रत्येकाला किमान दहा चढाया द्याव्यात: चार सात जणांसमोर, तीन पाच जणांसमोर, तीन तिघांसमोर. बोनस गुण समोर सहा किंवा जास्त खेळाडू असतानाच मिळतो. म्हणून पहिल्या चार चढायांत बोनस रेषेपलीकडे पाय टाकताना मागचा पाय उचललेला राहतो का, ते पाहावं. समोर तिघेच असताना धरला गेला, तर अव्वल पकडीचे (सुपर टॅकल) दोन गुण समोरच्या संघाला जातात. तिथे मुलगा घाई करतो की चढाईचे ३० सेकंद पुरवून वापरतो, हे दिसतं. 'बाद' एवढंच लिहून थांबू नये. अवेळी आत शिरला, स्पर्श करून वळताना पाठ दिली, की दम सुटला? तिन्हींचा सराव वेगळा.

'पकड कच्ची' हा शेरा बहुतेक वह्यांत असतो आणि त्याचा काडीचा उपयोग नाही. 'उजव्या कोपऱ्यातून घोटा नीट धरतो, पण कंबर उंच ठेवतो, म्हणून चढाईपटू त्याला मध्यरेषेपर्यंत ओढून नेतो' असं लिहिलं की उद्याचा सराव ठरतो. साखळीतला (हात धरून पकड करणारा) जोडीदार उशिरा धावला असेल, तर ती चूक कोपऱ्यातल्या मुलाच्या नावावर टाकू नये. हा अन्याय फार होतो.

काळ्या मातीवर अनवाणी खेळलेला मुलगा मॅटवर नेहमीसारखा घसरत थांबायला जातो, पाय तिथेच अडकतो आणि गुडघा मुरगळतो. अशांना आधी अर्धा तास मॅटवर खेळू द्यावं. पहाटेच्या एसटीने उपाशी आलेल्या पोराच्या दमाचा निकाल दुपारी एकच्या उन्हात लावू नये.

निवड न झालेल्यांची पानंही त्यांच्या शाळांना द्यावीत, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येईल. डिसेंबरातली बरीच नावं त्याच पानांवर सापडतात.

आपला,
एक कबड्डी प्रशिक्षक,
जि. यवतमाळ