नय्यर सुटले, पण फाईल तिथे संपत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आणीबाणीला पन्नास वर्षं झाली म्हणून आपण काढलेली पुरवणी मी जाहिरातींसकट वाचून काढली. तीत पत्रकार कुलदीप नय्यर यांच्यावर एक चौकट आहे. आणीबाणीला विरोध केला, तिहारमध्ये गेले, लेखणी झुकली नाही, २०१८ साली निधन, पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मभूषण. झालं. मी न्यायालयात बेंच क्लार्क होतो, सगळी नोकरी रोजनामे लिहिण्यात आणि फायली लावण्यात गेली. माणूस सुटला एवढ्यावर फाईल बांधून ठेवायची सवय मला नाही, म्हणून हे पत्र.

नय्यर यांचा जन्म १९२३ चा, सियालकोटचा. फाळणीनंतर दिल्लीत येऊन उर्दू वर्तमानपत्रात लागले. तिथे हसरत मोहानींनी त्यांना सल्ला दिला की, या देशात आता उर्दू पत्रकारितेला भवितव्य नाही, इंग्रजीकडे वळा. मग अमेरिकेत पत्रकारितेचं शिक्षण, परत येऊन सरकारी माहिती खात्यात गोविंद वल्लभ पंत आणि लालबहादूर शास्त्रींकडे काम, नंतर 'यूएनआय' ही वृत्तसंस्था, मग 'स्टेट्समन' आणि 'इंडियन एक्स्प्रेस' ही दैनिकं. हे सगळं कुठेही वाचायला मिळतं.

आता १९७५. आणीबाणी लागून तीन दिवस झाले नाहीत तोच दिल्लीच्या प्रेस क्लबमध्ये शंभरएक पत्रकार जमले आणि सेन्सॉरशिपचा निषेध करणारा ठराव झाला. पुढाकार नय्यर यांचा. जुलैत त्यांना 'मिसा'खाली, म्हणजे खटल्याविना स्थानबद्ध करण्याच्या कायद्याखाली, उचललं. त्यांच्या पत्नी भारती यांनी दिल्ली उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे डांबलेल्या माणसाची अटक तपासून त्याला सोडवण्याचा, अर्ज केला. या बाईंचे वडील म्हणजे पंजाबचे माजी मुख्यमंत्री भीमसेन सच्चर. ऐंशी वर्षांच्या या गृहस्थांनी इंदिरा गांधींना निषेधाचं पत्र लिहिलं आणि त्याच सुमारास तेही आत गेले. नवरा आत, वडील आत, आणि मिसाखाली अटकेचं कारण सांगण्याचं बंधन सरकारवर उरलेलं नाही. अशा वेळी अर्जावर सही करायला काय लागतं ते मला विचारा. साध्या बांधाच्या दाव्यात पोलीसपाटलाविरुद्ध सही करताना बायकांचे हात कापताना मी पाहिले आहेत. आपल्या चौकटीत भारती नय्यर यांचं नावही नाही.

त्यांच्या बाजूने उभे राहिले सोली सोराबजी आणि आमच्या सासवडचे वि. म. तारकुंडे. तारकुंडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते, १९६९ साली राजीनामा देऊन पुन्हा वकिली करू लागले होते. आमच्या गावात आज चौकात उभं राहून दहा जणांना हे नाव विचारलं तर कितीजण सांगतील याची मला शंकाच आहे. असो.

न्यायमूर्ती एस. रंगराजन आणि न्यायमूर्ती आर. एन. अग्रवाल यांच्यापुढे सुनावणी झाली. निकाल कुठे जाणार याचा सरकारला वास आला. सप्टेंबरात सरकारने स्थानबद्धतेचा हुकूमच मागे घेतला, नय्यर यांना सोडलं आणि न्यायालयाला सांगितलं की आता अर्जात काही उरलं नाही. आमच्याकडे याला पुरसीस देणं म्हणतात. पुरसीस आली की भले भले साहेब 'निकाली' असा शेरा मारून पुढचं प्रकरण पुकारायला सांगतात. त्यात गैर काही नाही, बोर्डावर रोज ढीग असतो. या दोघांनी तसं केलं नाही. १५ सप्टेंबर १९७५ रोजी त्यांनी निकाल वाचला. अटक कायद्यात बसत नव्हती आणि आणीबाणीतही न्यायालय ते तपासू शकतं, असा त्याचा सारांश.

पुढे काय झालं? रंगराजन यांची बदली गुवाहाटीला झाली. अग्रवाल अतिरिक्त न्यायमूर्ती होते. त्यांना कायम न करता परत सत्र न्यायाधीश म्हणून खाली पाठवलं. उच्च न्यायालयात ज्यांच्यापुढे वकील झुकून उभे राहत होते, त्यांनी खालच्या कोर्टात पुन्हा त्याच वकिलांना सामोरं जायचं. कारकुनाच्या जातीला बदलीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नय्यर यांचा तुरुंगवास दोन महिन्यांच्या आत संपला, त्यांच्या न्यायाधीशांची शिक्षा पुढे चालू राहिली. आणि निकाल? २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी असे सगळे निकाल मोडीत काढले. चारांत आपले पुण्याचे य. वि. चंद्रचूड होते, एकटे पडले ते एच. आर. खन्ना. ती चूक दुरुस्त व्हायला २०१७ चा, खासगीपणाच्या हक्काचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला, आणि त्या निकालपत्रात वडिलांचं मत चूक ठरवणारे धनंजय चंद्रचूड होते.

मी नय्यर यांचा भक्त नाही, हेही नोंदवतो. नेहरू गेल्यावर १९६४ साली त्यांनी 'यूएनआय'वर बातमी सोडली की पंतप्रधानपदासाठी मोरारजी देसाई सर्वांत आधी मैदानात उतरले आहेत, आणि शास्त्रींना मात्र शक्य तो लढत टाळायची आहे. नेहरूंची चिता थंड झाली नव्हती. या एका बातमीने आपली शंभर मतं गेली असं मोरारजींची माणसं म्हणत, आणि काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष कामराज यांनी नय्यर यांचे आभार मानले. हे नय्यर यांनीच लिहून ठेवलं आहे. माझे वडील संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतले. १०५ हुतात्म्यांचा हिशेब त्यांच्या मनात मोरारजींच्या नावावर मांडलेला होता, त्यामुळे मोरारजींची कशीही जिरली तरी ती त्यांना गोडच लागायची. मला नाही लागत. कालपरवापर्यंत शास्त्रींचा माहिती अधिकारी असलेल्या माणसाने शास्त्रींच्या प्रतिस्पर्ध्याविषयी ही बातमी द्यावी? बातमी खरी असेल. पण न्यायाधीश अशा प्रकरणात खुर्ची सोडतो, 'माझ्यापुढे नको' म्हणतो. वार्ताहराला तो नियम नसावा असं मला वाटत नाही.

त्यांच्या बातमीची किंमत दुसऱ्यानेच मोजल्याचा आणखी एक प्रकार १९८७ चा. सीमेवर तणाव असताना पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ ए. क्यू. खान यांना डिवचून त्यांनी बॉम्बविषयी बोलतं केलं; १ मार्चला मुलाखत लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये आली. खानांकडे त्यांना घेऊन गेलेले इस्लामाबादचे संपादक मुशाहिद हुसेन यांची खुर्ची मात्र गेली.

आणि आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो ते. नय्यर स्वतः नावानिशी कोर्टात गेले त्या खटल्याचा आपण उल्लेखच केला नाही. २००३ साली कायदा बदलला. राज्यसभेचा उमेदवार त्या राज्यातला मतदार असण्याची अट काढली आणि आमदाराने आपलं मत पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायचं असं ठरलं. नय्यर १९९७ ते २००३ राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होते, त्यामुळे स्वतःची जागा वाचवण्याचा प्रश्न नव्हता. 'कुलदीप नय्यर विरुद्ध भारत सरकार' हे प्रकरण पाच न्यायमूर्तींपुढे चाललं आणि ऑगस्ट २००६ मध्ये ते हरले. मतांचा बाजार थांबवायचा तर गुप्तता सोडावी लागेल, असं न्यायालयाला वाटलं.

याचा महाराष्ट्राशी काय संबंध म्हणाल, तर १० जून २०२२ आठवा. उत्तर प्रदेशचे इम्रान प्रतापगढी त्या दिवशी महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेले. शिवसेनेच्या एका आमदाराचं मत बाद झालं, कारण मतपत्रिका दाखवताना ती इतरांनाही दिसेल अशी धरली. त्या वादात मतमोजणी मध्यरात्रीच्या पुढे गेली. दोन्ही गोष्टी नय्यर ज्यात हरले त्याच कायद्याच्या. दहा दिवसांनी विधान परिषदेचं मतदान गुप्त झालं, मतं फुटली आणि त्याच रात्री शिवसेनेच्या बंडखोर आमदारांनी सुरतेचा रस्ता धरला, हेही खरं. म्हणजे न्यायालयाची भीती अगदीच खोटी नव्हती. तरीही मी नय्यर यांच्या बाजूचा. पक्षाच्या माणसाला दाखवून टाकायचं असेल तर आमदाराची गरज काय, पक्षाने एकगठ्ठा आकडा कळवावा.

पुढच्या राज्यसभा निवडणुकीआधी या निकालावर एखाद्या जाणत्या वकिलाचा लेख छापावा, आणि रंगराजन व अग्रवाल यांच्यावर वेगळा, एवढी विनंती. २००६ च्या निकालाची छापील प्रत, पेन्सिलीच्या खुणांसकट, माझ्याकडे आहे. हवी असल्यास रजिस्टर पोस्टाने पाठवतो, पण परत मिळावी.

आपला,
एक निवृत्त बेंच क्लार्क,
सासवड, ता. पुरंदर, जि. पुणे