घड्याळाच्या बुरुजाखालचे वकीलसाहेब

पुणे, ९ फेब्रुवारी

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हांसहून पाठवलेला फोटो मिळाला. घड्याळाचा बुरूज, शेजारी नगरपालिका आणि उन्हात कॉफी पीत बसलेला तू. तीस वर्षं कोर्टाच्या बाररूममधला पाणचट चहा सोबत प्यायलो, म्हणून सांगतो: १८४८ साली या गावाचा नगराध्यक्ष आपल्याच पेशातला माणूस होता, वकील. जसुदा बेदारीद. (मला आधी यशोदाच आठवली. पण बाप्या आहे.) जन्म एक्सचाच, १८०४चा. धर्माने ज्यू.

त्यात काय एवढं, म्हणशील. अरे, त्या प्रोव्हांस प्रांतातून १५०१ साली राजाच्या हुकमाने ज्यूंना हाकलून दिलं होतं. उरले ते शेजारी, पोपच्या अमलाखालच्या मुलखात: आव्हिन्यों, कार्पांत्रा, काव्हायों. तिथेही एका गल्लीत कोंबलेले, रात्री फाटकाला कुलूप, बाप्यांच्या डोक्यावर सक्तीची पिवळी टोपी. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९१ मध्ये कुठे नागरिक झाले. बेदारीद हे आडनावही तिकडचंच, आव्हिन्योंजवळच्या गावाचं. आपल्या केहीमकर-राजपूरकरांसारखंच की! कोकणातल्या ज्यूंनी, म्हणजे बेने इस्राएलांनी, गावाला ‘कर’ तरी जोडला, यांनी गावच तसंच्या तसं लावलं.

नागरिक झाले खरे, पण कोर्टात ज्यूला शपथ वेगळी. सिनेगॉगमध्ये (त्यांच्या प्रार्थनास्थळात), रब्बीसमोर (धर्मगुरूसमोर), तोरावर (धर्मग्रंथावर) हात ठेवून. तुझ्या-माझ्या पक्षकाराला कोणी असं म्हटलं असतं तर आपण काय केलं असतं, सांग. नीम शहरातले वकील आडॉल्फ क्रेमिए, तेही ज्यूच, याविरुद्ध उभे राहिले. १८२७ मध्ये नीमच्या कोर्टात जिंकले, पण देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही शपथ मोडीत काढेपर्यंत १८४६ उजाडलं. बेदारीद तेव्हा बेचाळीस वर्षांचे. आणि दोनच वर्षांत, फेब्रुवारी १८४८ मध्ये, राजा पळाला, प्रजासत्ताक आलं, क्रेमिए पॅरिसात न्यायमंत्री झाले आणि इकडे एक्सला बेदारीद नगराध्यक्ष!

खुर्ची १८४९ मध्ये गेलीही. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही, कारण गडी मुळात पोथीतला. फ्रान्सच्या व्यापारी कायद्यावर त्यांनी खंडामागून खंड लिहिले: हुंड्या, दिवाळखोरी, काही सोडलं नाही. कपट आणि फसवणूक यांवर वेगळा ग्रंथ. नगरपालिकेत वर्ष काढलेल्या माणसाला त्या विषयाची उदाहरणं शोधायला लांब जावं लागलं नसणार, हा आपला माझा तर्क. १८८२ मध्ये वारले.

आपल्याकडे मुंबईला ज्यू महापौर मिळाले १९३७ मध्ये, डॉ. एलायजा मोझेस राजपूरकर. ते डॉक्टर, म्हणजे वकिलांची बाजू एक्सनेच राखली म्हणायची.

आता एक काम कर. परत त्या चौकात गेलास की कॉफी संपवून आत जा. जुन्या नगराध्यक्षांच्या नावांचा फलक असेल तर १८४८ची ओळ शोध आणि तिचाच फोटो पाठव. तुझा नको, तो पाहून झाला.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सदानंद