आवाहन : घोड्याच्या सांध्यांच्या एमआरआय अभ्यासासाठी निधी हवा, फ्रीझर हवा आणि पायही हवेत

स.न.वि.वि.

गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) गडबडीत हे पत्र लांबले, क्षमस्व.

टांग्यांच्या घोड्यांसाठी हौद, दर उन्हाळ्यात नालबंदीचे शिबिर ही मंडळाची कामे आपण जाणताच. एमआरआयचे काम मात्र विजापूर वेशीतल्या आपल्या चाचांमुळे सुरू झाले. त्यांची घोडी अठरा वर्षे टांग्याला होती, शेवटी लंगडू लागली. एक्स-रेत हाड ठीक दिसले. चाचा म्हणाले, "हड्डी चांगली हाय, मग लंगडती कशाला?" घोडी गेली त्या दिवशी त्यांनी आपणहून तिचे पुढचे दोन्ही पाय अभ्यासाला दिले. टेम्पोत ठेवताना खुरावरून हात फिरवला आणि "नाल मला द्या" एवढेच बोलले.

नाल काढायचाच होता. १.५ टेस्लाचे एमआरआय यंत्र म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट ताकद. खिळ्याचा तुकडा जरी राहिला तरी चित्रात नेमका खूरच काळा पडतो. नालबंद मामांनी तासभर बसून शेवटची चूक (बारीक खिळा) उपसली. रात्री पेशंट संपल्यावर डॉक्टरसाहेबांनी (नाव नको म्हणाले) एक रुपया न घेता तपासणी केली आणि चाचांना उत्तर मिळाले : खुराच्या आत होडीच्या आकाराचे छोटे हाड असते, त्याच्या मागून जाणारी शीर, म्हणजे कंडरा, उभी चिरलेली होती. एक्स-रेत हाड दिसते. खुराच्या आतली कंडरा आणि कूर्चा (सांध्यातले गुळगुळीत अस्तर) नीट दिसायला एमआरआय लागतो. नंतर तोच पाय गोठवून त्याच पातळीत करवतीने चकत्या केल्या आणि चित्राशेजारी ठेवून जुळवल्या. असे सात पाय झाले. पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो ते खरे घोड्याचे मनगट, आणि उभा असतो तो प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर, हे नालबंदांच्या पोरांना आता चकतीवर बोट ठेवून दाखवता येते.

वारीत माउलींच्या अश्वाच्या टापेखालची माती आपण कपाळाला लावतो. त्या टापेच्या आत काय आहे ते दाखवायला सभा बोलावली, तर नऊ जण आले, त्यातले तिघे पदाधिकारी. "मेलेल्या घोड्याचे पाय कापून काय मिळतं?" हेही ऐकून घेतले. असो.

फ्रीझर व हाडे कापायची करवत मिळून ८५,००० रु. लागतील, जमा ३१,२००. बाकी महिनाअखेरपर्यंत हवेत. रोख वा चेक कार्यालयात सायं. ६ ते ८ (रविवार बंद), पावती मागून घ्यावी. घोडा गेल्यास लगेच कळवावे, टेम्पो आम्ही पाठवू. पशुवैद्यांचा दाखला आवश्यक, ग्लँडर्सचा (घोड्यांचा संसर्गजन्य रोग) संशय असल्यास पाय घेता येणार नाहीत. जिवंत घोडा कृपया आणू नये. यंत्र माणसांचे आहे आणि घोड्याला भूल देऊन आडवे करण्याची सोय नाही. (एकजण रात्री अकराला घोडी घेऊन दारात उभे होते!) तपासणी आयत्या वेळी ठरत नाही, कारण गोठलेला पाय पूर्ण वितळल्याशिवाय चित्रच येत नाही.

सध्याचा फ्रीझर एका सभासदाच्या घरून उसना आणलेला आहे. पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलीचे लग्न आहे आणि वहिनींचा निरोप दोनदा येऊन गेला आहे.

आपला,
सचिव