आप्पांची ट्रंक आणि आप्पांचा मेंढीकोट

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आप्पांचं वर्षश्राद्ध डिसेंबरात येतंय. बाबा, तुम्ही म्हणालात की आचऱ्याच्या घरी ओटीवर वर्दीतला मोठा फोटो, खाली मेडलं आणि चंदनाचा हार, एवढं पुरे. फोटो लावूच. पण तो १९७२ चा, मिशी ताठ आणि चेहऱ्यावर हसू नाही. वाडीतल्या निम्म्या लोकांना हा माणूस कोण ते विचारावं लागेल. त्यांचे आप्पा म्हणजे कोंबड्यांना "दाहिने मुड" सांगणारे, पोरांना समुद्रावर नेण्याआधी खळ्यात रांग लावून "गिनती कर" म्हणून ओरडणारे. दोन्ही आप्पा टिकवायचे तर दोघांची निगा वेगळी. आधी वर्दीतल्या आप्पांच्या ट्रंकेचं सांगते.

ट्रंक आत्ताच उघडा, ऑक्टोबरचं ऊन आहे तोवर. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर असते, आणि ६५ च्या वर ती बराच काळ राहिली की फोटोच्या जिलेटिनवर बुरशी धरते. सगळं बाहेर काढून सावलीत, पंख्याच्या हलक्या वाऱ्यात पसरा. थेट उन्हात नको, फोटो वळतात आणि फिकट होतात. पांढरी बुरशी मऊ कोरड्या ब्रशने, खळ्यात बसून, तोंडाला फडकं बांधून झाडा. ओलं फडकं अजिबात लावू नका. भिजलं की जिलेटिन फुगतं आणि बुरशीबरोबर चेहराही निघून येतो.

आजी-आप्पांच्या लग्नाचा फोटो काचेला चिकटलाय. तो ओढू नका, वाफही देऊ नका. काच पुसून काचेसकटच फोनवर फोटो घ्या: फ्लॅश बंद, उजेड दोन्ही बाजूंनी तिरका, फोन बरोबर समोर. नवी प्रत काढून फ्रेम कराल तेव्हा काच आणि फोटोच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट टाकायला सांगा. ती नसली की चार पावसाळ्यांत पुन्हा तेच होणार. फोटोंमागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो.

डांबराच्या गोळ्या आजच काढून टाका, त्यांची वाफ फोटोंवर आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बसते. वेखंडाची पुरचुंडी चालेल. सिलिका जेलच्या ५० ग्रॅमच्या चार पुड्या आत ठेवा, नारिंगी रंगाच्या. रंग बदलला की दाणे कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतात. ट्रंक जमिनीवर नको, दोन लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर. चिऱ्याची भिंत ओल ओढते आणि ट्रंकेची पाठ आधी गंजते. झाकणावरचा नंबर, हुद्दा आणि नाव तसंच राहू दे. नवा रंग देऊ नका.

आई, मेडलांना चिंच नको, पितांबरीही नको. घासलं की उठाव झिजतो आणि काठावर कोरलेला आप्पांचा नंबर जातो. कोरडं सुती फडकं पुरे, आणि हाताळून झालं की पुन्हा पुसा. घामाचं मीठ आणि खारा वारा मिळून डाग धरतात. क्रम असा, बघणाऱ्याच्या डावीकडून: पूर्वी स्टार, रक्षा मेडल, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल, मग वीस वर्षांच्या सेवेचं आणि शेवटी नऊ वर्षांचं. आत्ता फ्रेमवाल्याने चमकदार ते मध्ये घेतलंय, ते उलगडून घ्या. फिती विरल्यात. नव्या ३२ मिलिमीटर रुंदीच्या मिळतात, पण जुन्या फेकू नका, मागे पाकिटात ठेवा. खाली चिठ्ठी लावायची तर एवढीच: फर्स्ट मराठा लाइट इन्फन्ट्री, जंगी पलटण, जमालपूर, डिसेंबर १९७१. ढाक्याकडे निसटू पाहणाऱ्या पाकिस्तानच्या ३१ बलुच पलटणीला १०-११ तारखेच्या रात्री तिथे अडवलं गेलं. आप्पा त्या रात्रीबद्दल फक्त थंडीचं आणि ओल्या मोज्यांचं सांगत. आपण चिठ्ठीवर त्याहून जास्त शौर्य चढवू नये.

डिस्चार्ज बुक लॅमिनेट करू नका, ते परत सुटत नाही. ६०० डीपीआयवर स्कॅन करून एक प्रत माझ्याकडे, एक पेनड्राइव्हवर, एक दादाकडे. त्याच पुस्तकातली आजीची जन्मतारीख आणि नाव तिच्या आधारशी आणि पीपीओशी, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशाशी, ताडून पाहा. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं म्हणजे काम संपलं असं नाही. तिला ८० पूर्ण झाली की २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३० टक्के, पण पीपीओत तारीख नसेल किंवा चुकीची असेल तर ती आपोआप लागत नाही. फरक निघाला तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज जातो. हयातीचा दाखला नोव्हेंबरात. आजीच्या बोटांचे ठसे झिजलेत, यंत्र घेत नाही. मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, खिडकीसमोर बसवा म्हणजे पहिल्या फटक्यात होईल. ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) आणि लष्करी कॅन्टीनचं कार्ड तिच्या नावे करून घ्या. रमचा कोटा तिला मिळेल हे तिला कळलं की काय म्हणते ते कळवा.

आता दुसरे आप्पा. यांचं काहीच कुठे कोरलेलं नाही, म्हणून हे काम मला जास्त घाईचं वाटतं. त्यांच्याबरोबर गावपळणीत, म्हणजे सगळा गाव घरं सोडून वेशीबाहेर राहतो तेव्हा, माळावरच्या झोपडीत रात्ररात्र पत्ते कुटणारे तीन भिडू आज ऐंशीच्या घरात आहेत. बाबा, त्यांना एकत्र बसवून आवाज टेप करा. वेगवेगळं नको, एकत्र बसले की एकमेकांचं खोडतात आणि खरं तेच बाहेर येतं. पंखा बंद, फोन मध्ये पंचावर ठेवलेला, अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही. "आप्पांविषयी सांगा" असं विचारलंत तर "देवमाणूस होतो" म्हणून गप्प होतील. "दश्शो खंय लपयत रे तो?" असं, पत्त्यांतली दश्शी कुठे लपवायचे ते विचारा. संकासुराचं सोंग घेऊन आप्पा दशावतारात उभे राहिले तेव्हा सरपंचांना काय म्हणाले, तेही विचारा. ऐकताना हसलात तरी चालेल, पण मध्ये बोलू नका.

आणि त्यांचा मेंढीकोट लिहून काढा. खेळ सगळ्यांना येतो: चौघं, समोरासमोरचे जोडीदार, तेरा-तेरा पानं, तीन दश्शी ओढल्या की डाव, चारही ओढल्या की कोट, दोन-दोन झाल्या तर ज्याचे हात सात तो जिंकला. हुकूम बंद ठेवायचा की पहिल्या कटाला ठरवायचा यावर वाडीत भांडणं आहेत. आप्पा बंद हुकूमवाले. लिहायच्या आहेत त्या खुणा. चष्मा वर सरकवला की हुकुमाची दश्शी हातात. पानाला चुना जास्त लावला की जोडीदाराने किलवर उतरायचं. "आज खारं वारं" म्हणाले की बदाम संपले. खोकला मात्र खोटा, तो नुसता विरुद्ध जोडीला गोंधळात पाडायला.

वर्षश्राद्धाची जेवणं आटोपली की ओटीवर डाव मांडू. बाबा, आप्पांच्या जागी तुम्ही बसू नका, तुम्हाला उतारी कळत नाही. आजीला बसवा. त्यांच्या सगळ्या खुणा तिला पाठ आहेत, कारण ती नेहमी विरुद्ध जोडीत असायची.

तुमची,
थोरली