माडीवरच्या खोलीत ते रोप लावू नकोस

शिरपूर, जि. धुळे

प्रिय दिलीप यास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीनंतर मावशींना चार घास जात नाहीत, तळपायांची आग होते आणि रात्ररात्र डोळ्याला डोळा लागत नाही, हे वाचून जीव कळवळला. माडीवरच्या रिकाम्या खोलीत, कपाटाएवढ्या जागेत दिवे लावून गांजाची दोन-तीन रोपे वाढवावीत आणि त्यांचे तेल काढून मावशींना द्यावे, हा विचार तुझ्या मनात कोणत्या वेदनेतून आला हे मला समजते. तरीही तू हे करू नयेस, असे माझे स्पष्ट मत आहे. तू मोकळेपणाने विचारलेस, म्हणून मीही सविस्तर लिहितो.

जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला घरी तीन रोपे लावता येतात आणि कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत एका घरात चार रोपांची मुभा आहे, हे तू लिहिलेस ते बरोबरच आहे; परंतु ती मुभा तिथल्या कायद्याने दिलेली आहे आणि तुम्ही जळगावात राहता. आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीचा, कायदा लागू आहे. त्याचे कलम ८ परवानगीविना गांजाचे झाड लावण्यास मनाई करते आणि कलम २० नुसार अशा लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गांजा बाळगण्याच्या गुन्ह्यात एक किलोपर्यंतचे प्रमाण अल्प धरतात आणि त्याची शिक्षा एक वर्षापर्यंतची असते. लागवडीच्या गुन्ह्यात मात्र अशी पायरीच नाही, म्हणजे शेतभर पीक असो वा कुंडीतले एकच रोप, कलम तेच लागते. घरच्या औषधासाठी लावले होते हे सांगून सुटका होईल, असे समजू नकोस. शिवाय कलम २५ प्रमाणे, जाणूनबुजून आपली जागा अशा कामासाठी वापरू देणारा घरमालकही गुन्हेगार ठरतो, आणि तुमचे घर मावशींच्या नावावर आहे. ज्यांच्या आरामासाठी हे सारे करायचे, त्यांनाच पोलिसांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतील.

मी शिरपूरला राहतो, त्यामुळे हे माझ्यासाठी केवळ पुस्तकी ज्ञान नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या वनजमिनींवर कापसाच्या आणि तुरीच्या आड लावलेला गांजा पोलीस पुन्हा पुन्हा उपटून नष्ट करतात, हे तूही वर्तमानपत्रांत वाचत असशील. पकडला जातो तो बहुधा जमीन कसणारा गरीब माणूस, आणि माल उचलून नेणारा व्यापारी दूरच राहतो, याची मला फार चीड आहे. या झाडाला मी स्वतः पाप मानत नाही. इंग्रजांच्या काळात आपल्या शेजारच्या खंडव्याला सरकारी परवान्याने गांजा पिकत असे आणि गांजा-भांगेच्या चौकशीसाठी त्यांनीच नेमलेल्या १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने मर्यादित सेवनापासून फारसा अपाय होत नाही, असाच निष्कर्ष काढला होता. आजचा कायदा घरातल्या एका रोपासाठी अवाजवी कठोर आहे, असे मला वाटते. परंतु तो बदलेपर्यंत त्याचा भार आजारी आईच्या घरावर घेणे मला पटत नाही.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी ती खोली या कामाची नाही. हे झाड दिवस लहान होऊ लागले की फुलावर येते, म्हणून बंद खोलीत उजेड आणि अंधार दोन्ही माणसालाच सांभाळावे लागतात, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. उन्हाळ्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो; त्यात पत्र्याखालच्या खोलीत दिव्यांची उष्णता वाढली की तिची भट्टी होईल. पावसाळ्यात याच्या उलट घडते. हवा कोंडली की दाट फुलांच्या आत बुरशी धरते आणि ती बाहेरून दिसतेच असे नाही. केमोथेरपीने ज्यांची प्रतिकारशक्ती खालावलेली आहे, त्यांच्या फुप्फुसांना ॲस्परजिलससारख्या बुरशीचा संसर्ग जिवावर बेतू शकतो. या एकाच कारणासाठी मी तुला थांबवले असते. फुलोऱ्याचा उग्र वास गल्लीत सर्वांना कळेल, ती गोष्ट तर वेगळीच.

समजा, रोप नीट वाढले. तरी घरी काढलेल्या तेलाच्या एका थेंबात टीएचसी, म्हणजे या झाडातले नशा आणणारे द्रव्य, किती आहे, हे तू कशावरून ठरवणार? तेल जास्त झाले तर वयस्क माणसाला भोवळ येते, छाती धडधडते, भीती वाटते, आणि रात्री उठताना तोल गेला तर नवे दुखणे ओढवते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या औषधांच्या परिणामातही या झाडातील द्रव्ये ढवळाढवळ करतात. केमोथेरपीच्या मळमळीवर टीएचसी उपयोगी पडते, हे मात्र खरे आहे. ज्या १९८५ साली आपल्याकडे हा कायदा झाला, त्याच साली अमेरिकेत ड्रोनाबिनॉल या नावाने कृत्रिम टीएचसीची गोळी याच मळमळीसाठी मंजूर झाली. पण त्या गोळीत किती मिलिग्रॅम औषध आहे हे ठाऊक असते.

तेव्हा उघड मार्गाने काय करता येईल ते पाहू. मळमळ थांबवणारी प्रभावी औषधे आज सर्वत्र मिळतात. एकाने गुण आला नाही तर ते बदलता येते, म्हणून प्रत्येक फेरीनंतर किती दिवस अन्न गेले नाही हे लिहून ठेव आणि डॉक्टरांना दाखव. तळपायांची आग बहुधा केमोथेरपीने नसांना झालेल्या इजेमुळे असेल. तिच्यावर साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत, नसांच्या दुखण्याची औषधे वेगळी असतात. आणि काही वेळा केमोचा डोस बदलावा लागतो, म्हणून हे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. मावशी स्वभावाने सोशिक आहेत, डॉक्टरांपुढे बसल्या की 'बरं आहे' म्हणून मोकळ्या होतात. तू त्यांच्या वतीने बोल. पुढे वेदना फार वाढल्याच तर मॉर्फिन आहे. याच कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणे सोपे झाले आहे, आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे रुग्णाच्या वेदना आणि त्रास कमी करण्याचा, स्वतंत्र विभाग आहे. तिथे पाठवण्याची चिठ्ठी डॉक्टरांकडे मागायला संकोच करू नकोस. उपचार थांबले असा तिचा अर्थ होत नाही.

याच झाडाचे औषध हवे असेल, तर तेही चोरून घेण्याचे कारण नाही. नुसती पाने आणि बी कायद्याच्या 'गांजा' या व्याख्येत येत नाहीत, आणि पानांपासून केलेली विजयायुक्त (विजया म्हणजे भांग) आयुर्वेदिक औषधे परवान्याने तयार होतात. ती वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय त्यांतला एक थेंबही मावशींना देऊ नकोस.

पुढच्या तपासणीची तारीख कळव, मी आदल्या दिवशी जळगावला येतो. सर्व रिपोर्ट आणि सध्याच्या गोळ्यांची यादी एका फाईलमध्ये लावून ठेव. खोलीसाठी दिवे मागवले असतील तर ते परत कर. मावशींना माझा साष्टांग नमस्कार सांग.

तुझा,
सुरेश