औषध भरताना सिस्टरशी बोलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'लहान मुलांच्या रुग्णालयात सिस्टर धड उत्तरं देत नाहीत' अशी तक्रार करणारं पत्र आपल्या अंकात वाचलं. मी नवी मुंबईतल्या अशाच एका रुग्णालयात परिचारिका आहे. पत्रलेखकांचा अनुभव खोटा नसणार. आम्ही तुटक बोलतो. पण कोणत्या वेळी, तेही वाचकांना कळायला हवं.

मोठ्यांच्या वॉर्डात ताप आला की पॅरासिटामॉलची ५०० ची गोळी, मग माणूस पन्नास किलोचा असो की ऐंशी. आमच्याकडे एका खाटेवर तीन किलोचं बाळ, शेजारी तीस किलोचा मुलगा. प्रत्येक औषध वजनावर. अँटिबायोटिकची पावडर पाण्यात विरघळवायची, एका मिलीत किती मिलीग्रॅम आलं ते काढायचं, त्यातलं पॉइंट सहा मिली सिरिंजमध्ये ओढायचं, दुसऱ्या सिस्टरला दाखवायचं आणि मग द्यायचं. दशांशचिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो. नेमकं तेव्हाच काउंटरवर कुणीतरी येतं: 'सिस्टर, डिस्चार्ज किती वाजता?' 'सिस्टर, बारा नंबरचा पंखा चालत नाही.' आम्ही मान वर न करता 'थांबा' म्हणतो. तो उद्धटपणा ठरतो.

'एवढ्याशा लेकरांना सुया टोचायला तुमचा हात धजावतो कसा?' असं लोक विचारतात. हात धजावतो, सवयीने. गुबगुबीत बाळाची शीर सापडत नाही, आई दाराबाहेर रडत असते, दोनदा जमलं नाही की आम्ही दुसरीला बोलावतो. ते सगळं निभावतं. धास्ती असते ती हिशेबाची.

सलाईनचंच घ्या. दहा किलोच्या मुलाला एरवी तासाला साधारण ४० मिली पुरतं. नातेवाइकांना वाटतं, बाटली संपली की सुट्टी, म्हणून नळीवरचं चाक हळूच सरकवतात. गेल्या पावसाळ्यात जुलाबाने भरती झालेल्या एका मुलाच्या वडिलांनी पहाटे हेच केलं. तुर्भ्याला त्यांची सकाळची पाळी होती, खाडा झाला की दिवसाचा पगार जातो. माणूस वाईट नव्हता. पण लहान शरीरात एकदम जास्त पाणी गेलं तर क्षार बिघडतात, फुप्फुसांत पाणी साचू शकतं. म्हणून आम्ही मध्ये प्लास्टिकची नळकांडी लावतो आणि त्यात थोडंथोडंच सलाईन भरतो. कुणी चाक सोडलंच, तरी जाईल ते तेवढंच. त्या दिवशी तिनेच वाचवलं. पोराला काही झालं नाही, संध्याकाळी ते सलाईनसकट खाटेवरून उतरायला बघत होतं. सकाळी मान टाकलेलं पोर संध्याकाळी बिस्किटासाठी भांडतं, हे सुख मोठ्यांच्या वॉर्डात क्वचितच मिळतं.

आता घरचं. तापाचं औषध ड्रॉप्समध्येही मिळतं आणि सिरपमध्येही, नाव तेच. ड्रॉप्सच्या एका मिलीत सहसा १०० मिलीग्रॅम पॅरासिटामॉल असतं, साध्या सिरपच्या पाच मिलीत १२० किंवा १२५, आणि जास्त ताकदीच्या सिरपच्या तेवढ्याच मापात २५०. मोठ्या भावाला देतात तसं पाच मिलीचं माप कुणी ड्रॉप्सच्या बाटलीतून बाळाला पाजलं, तर त्याच्या पोटात मोठ्या माणसाची अख्खी गोळी गेली. असे डोस पुन्हा पुन्हा गेले तर यकृताला इजा होते. तातडीच्या विभागात आम्ही विचारतो, 'काय दिलं?' उत्तर येतं, 'लाल औषध, एक झाकण.' लाल औषधं डझनावारी आहेत हो! बाटली सोबत आणा. निदान मोबाइलवर तिचा फोटो काढून आणा. बाळाचं शेवटचं वजन लसीकरणाच्या कार्डावर लिहिलेलं असतं, ते कार्डही आणा.

मारहाणीच्या भीतीबद्दल फार लिहीत नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तशी पाटी आमच्याही दारात आहे. पाटीखाली उभे राहूनच लोक ओरडतात.

रुग्णालयांच्या व्यवस्थापनांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. औषधं भरायचं टेबल चौकशीच्या काउंटरवरून हलवा, दार असलेली लहानशी खोली पुरे. आणि रात्रपाळीची माणसं कमी करू नका. डोस दुसऱ्या सिस्टरला दाखवून घ्यावा असा नियम तुम्हीच भिंतीवर लावलाय. रात्री दोन वाजता वॉर्डात एकटीच असेन, तर दाखवू कुणाला?

आपली विश्वासू,
एक परिचारिका, ऐरोली